आत्याची पिशवी, आभा नंबर आणि तुमचा धंदा: डिजिटल आरोग्य नोंदी समजून घेऊया



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डिजिटल आरोग्य नोंदींबद्दल बोललो. व्हिडिओत वेळ कमी पडतो, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, हे सगळं सरकारी काम आहे, यात आमच्यासारख्या छोट्या माणसाला काय मिळणार?" म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी नेहमीप्रमाणे गृहपाठ आहे.

सुरुवात घरातल्या एका गोष्टीने करतो.

प्लास्टिकची पिशवी

माझी आत्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय सत्तरच्या पुढे. तिचे सगळे रिपोर्ट, चिठ्ठ्या, एक्स-रे एका प्लास्टिकच्या पिशवीत असायचे. ही पिशवी देवघराच्या वर ठेवलेली. दवाखान्यात जायचं म्हटलं की आधी पिशवी काखेत, मग चपला पायात.

एका शनिवारी रात्री तिच्या पोटात असह्य दुखायला लागलं. शहरातल्या हॉस्पिटलमध्ये नेलं. घाईत पिशवी एसटीत राहिली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की सीटी स्कॅन करावा लागेल, त्यासाठी शिरेतून एक औषध द्यावं लागेल. तेवढ्यात आत्या म्हणाली, "मागं पुण्याला असंच सुई टोचून मशिनीत घातलं हुतं, तवा माझा घसाच बंद झाला हुता."

डॉक्टर थांबले. बरोबरच केलं त्यांनी. त्यांनी विचारलं, "मावशी, कुठलं औषध होतं? किती साली? तेव्हा काय उपाय केला?" आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आत्या, आठव ना जरा." ती म्हणाली, "आरं बाळा, मला काय ठावं, पिशवीत हाय की समदं."

पुण्याच्या त्या हॉस्पिटलला फोन केला. रविवार होता, रेकॉर्डची खोली बंद. सोमवारी अकरा वाजता कागद मोबाईलवर फोटो होऊन आला. दीड दिवस गेला. रक्ताच्या ज्या तपासण्या पंधरा दिवसांपूर्वीच गावाकडे झाल्या होत्या, त्या पुन्हा झाल्या. आत्या बरी झाली, देवाची कृपा. पण तो दीड दिवस बाकावर बसून मी एकच विचार करत होतो. माझ्या खात्यात किती पैसे आहेत हे मला रविवारी रात्री दोन वाजता पण कळतं. आणि आत्याच्या अंगाला कुठलं औषध चालत नाही, हे मात्र एसटीतल्या पिशवीला माहीत.

आजचा विषय हाच आहे.

डिजिटल आरोग्य नोंद म्हणजे नक्की काय?

आपल्या देशात या कामाला आयुष्मान भारत डिजिटल मिशन म्हणतात. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून याची घोषणा झाली. आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर लागू झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर केले. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण हे काम बघतं.

याचे चार भाग आहेत. लिहून घ्या.

१. आभा नंबर. प्रत्येक माणसाचा १४ अंकी आरोग्य नंबर. आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स वापरून काढता येतो. फुकट आहे आणि ऐच्छिक आहे, सक्ती नाही.

२. डॉक्टरांची नोंदवही. डॉक्टर, नर्स यांची देशपातळीवरची यादी. समोरचा माणूस खरंच नोंदणीकृत डॉक्टर आहे का, हे यातून कळतं.

३. दवाखान्यांची नोंदवही. हॉस्पिटल, क्लिनिक, लॅब, एक्स-रे सेंटर, मेडिकल दुकान, सरकारी असो की खाजगी, ॲलोपॅथी असो की आयुर्वेद, होमिओपॅथी. सगळ्यांना एक ओळख क्रमांक.

४. संमतीची व्यवस्था. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. तुमची नोंद कोणाला, कोणत्या काळातली, किती दिवसांसाठी दाखवायची हे तुम्ही ठरवता. दिलेली परवानगी परत पण घेता येते.

आता एक मोठा गैरसमज दूर करतो. लोकांना वाटतं की सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीत एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन पडतात. तसं नाहीये. यूपीआय आठवा. तुमचे पैसे तुमच्या बँकेतच असतात, यूपीआय फक्त एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पोहोचवायचा रस्ता आहे. तसंच इथे आहे. लॅबचा रिपोर्ट लॅबच्या सॉफ्टवेअरमध्येच राहतो. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड हॉस्पिटलकडेच राहतं. तुम्ही मोबाईलवर "हो" म्हटलं की तेवढी नोंद ठरलेल्या साच्यात नव्या डॉक्टरांपर्यंत पोहोचते.

म्हणजे आत्याच्या बाबतीत काय झालं असतं? पुण्याचं हॉस्पिटल या रस्त्याला जोडलेलं असतं, आत्याचा आभा नंबर त्या नोंदीला जोडलेला असता आणि इकडच्या हॉस्पिटलमध्येही ही सोय असती, तर रविवारी रात्रीच आत्याच्या मोबाईलवर परवानगीची विनंती आली असती आणि कागद समोर दिसला असता. यातला "असता" हा शब्द लक्षात ठेवा. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच. एक जरी तुटली तर पिशवीच बरी. आपला धंदा नेमका या तुटलेल्या जागी आहे, पण तिकडे येऊच.

आभा वेगळं, आयुष्मान कार्ड वेगळं!

गावोगाव हा घोळ आहे. सेवा केंद्र चालवणारे विद्यार्थी मला सांगतात की माणूस आभा कार्ड घेऊन हॉस्पिटलात जातो आणि म्हणतो, "पाच लाखांचं कार्ड आहे, फुकट ऑपरेशन करा."

आयुष्मान कार्ड म्हणजे उपचाराच्या खर्चाची योजना. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. त्याला पात्रता लागते. आभा म्हणजे फक्त ओळख आणि नोंदींची किल्ली. ती कोणीही काढू शकतो, पण तिच्यात एक रुपयाचाही विमा नाही. हा फरक तुमच्या दुकानावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. लोक तुमच्यावर जास्त विश्वास ठेवतील, कारण खरं सांगणारा माणूस लोकांना लगेच ओळखू येतो.

देशाला यातून काय मिळू शकतं?

मोठं चित्र थोडक्यात बघू.

*पहिलं, खिशातला खर्च.* २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी जवळपास ३९ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४ टक्के होता, म्हणजे कमी झालाय, पण अजून खूप आहे. त्याच त्याच तपासण्या पुन्हा करायला लागणं हा या खर्चातला टाळता येणारा भाग.

*दुसरं, फिरणारी माणसं.* आपल्या बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार घ्या. दिवाळीच्या आसपास घर सोडतात, कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात, पाच-सहा महिन्यांनी परत येतात. गरोदर बाईची तपासणी गावाकडे सुरू झालेली, सातवा महिना फडावर, बाळंतपण तिसरीकडेच. बाळाच्या लसींचं कार्ड कोपीत पावसात भिजलेलं. तिथल्या नर्सताईंना माहीतच नसतं की कुठली लस झालीय आणि कुठली राहिलीय. अशा कुटुंबाला नोंद सोबत चालणं म्हणजे सोय नव्हे, गरज आहे.

*तिसरं, रांग.* हे तर आज दिसतंय. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये एक साधी गोष्ट सुरू झाली. ओपीडीच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावला. पेशंटने मोबाईलने स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप खिडकीवर पोहोचतो आणि टोकन नंबर मिळतो. याला स्कॅन अँड शेअर म्हणतात. नंतर ही सोय देशभरातल्या अनेक सरकारी हॉस्पिटलांत पोहोचली.

*चौथं, साथीचा अंदाज.* एका तालुक्यात अचानक डेंग्यूचे रिपोर्ट वाढले, तर ते कागदावर असताना कळायला आठवडे जातात. नोंदी एका साच्यात असतील तर नावं न उघडता नुसते आकडे लवकर कळू शकतात.

दुसऱ्या देशांनी काय शिकवलं?

धंदेवाईक माणसाने दुसऱ्याच्या चुकीतून शिकावं, ते स्वस्त पडतं.

एस्टोनिया. युरोपातला छोटासा देश, लोकसंख्या साधारण १३ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहरापेक्षा कमी. २००८ पासून त्यांनी देशभर डिजिटल आरोग्य नोंदी सुरू केल्या, २०१० पासून औषधाची चिठ्ठी डिजिटल केली. तिथे पेशंट स्वतः लॉगिन करून बघू शकतो की आपली नोंद कोणी उघडली. विनाकारण कोणी डोकावलं तर जाब विचारता येतो. लोकांचा विश्वास यातून बसला.

ब्रिटन. २००२ मध्ये त्यांनी देशातल्या सगळ्या हॉस्पिटलांसाठी प्रचंड मोठा संगणक कार्यक्रम हाती घेतला. अब्जावधी पौंडांचा खर्च. सगळं वरून ठरवलं, कंत्राटं मोठ्या कंपन्यांना, आणि जे डॉक्टर, नर्स रोज वापरणार होते त्यांना फारसं विचारलंच नाही. २०११ मध्ये सरकारला तो कार्यक्रम मोडीत काढत असल्याचं जाहीर करावं लागलं. धडा काय? वापरणाऱ्याचं काम सोपं झालं नाही तर कितीही पैसा ओता, यंत्रणा चालत नाही.

सिंगापूर. २०१८ मध्ये तिथल्या सर्वात मोठ्या आरोग्य समूहातून १५ लाख पेशंटांची माहिती चोरीला गेली. त्यात खुद्द पंतप्रधानांच्या औषधांचा तपशील होता.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे देशातलं सर्वात नावाजलेलं हॉस्पिटल कागद-पेनावर चालवावं लागलं.

म्हणजे बघा, डिजिटल केलं की सगळं चांगलंच होतं असं नाही. बँकेचा पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. एखाद्या मुलीच्या आजाराची बातमी गावात फुटली तर ती परत घेता येत नाही. हा फरक डोक्यात पक्का बसवूनच या धंद्यात उतरा.

मग आज गाडी अडलीय कुठे?

२०२५ च्या सुरुवातीलाच आभा नंबरांची संख्या ७० कोटींच्या पुढे गेली होती. ऐकायला जबरदस्त वाटतं. यातले बरेच नंबर कोविनवर लसीसाठी आधार दाखवताना तयार झाले. त्यामुळे कितीतरी लोकांना आपल्याकडे आभा नंबर आहे हेच माहीत नाही.

आता मला सांगा, बँकेत खातं उघडलं आणि त्यात एकही रुपया भरला नाही, तर त्या पासबुकाचा उपयोग काय? आभाचं आज अनेकांच्या बाबतीत तसंच आहे. नंबर आहे, पण त्याला जोडलेली नोंद नाही.

का नाही? कारण आपल्याकडे बहुतेक माणसं पहिल्यांदा जातात ती कोपऱ्यावरच्या खाजगी डॉक्टरांकडे. तिथलं चित्र डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी सात वाजता बाहेर चाळीस पेशंट. डॉक्टर एकटे, सोबत एक कंपाउंडर किंवा मावशी. एका पेशंटला चार-पाच मिनिटं. त्यात टाइप कधी करायचं? डॉक्टर आळशी नाहीत, त्यांच्याकडे हात कमी आहेत.

सरकारलाही हे कळलंय. म्हणून दोन गोष्टी आल्या. १ जानेवारी २०२३ पासून एक प्रोत्साहन योजना सुरू झाली. ठराविक संख्येच्या वर जितक्या नोंदी आभाला जोडाल, त्याप्रमाणे दवाखान्याला, लॅबला आणि सॉफ्टवेअर कंपनीलाही पैसे. कमाल मर्यादा ४ कोटी रुपये. दुसरं म्हणजे मायक्रोसाइट. एका भागातले छोटे खाजगी दवाखाने, लॅब, मेडिकल दुकानं एकत्र जोडायची आणि ते काम स्थानिक संस्थेकडून करून घ्यायचं. सुरुवातीचे प्रयोग मुंबई, अहमदाबाद आणि सुरतमध्ये झाले. योजनेच्या अटी आणि मुदती बदलत असतात, त्यामुळे कुठल्याही डॉक्टरांना शब्द देण्याआधी अधिकृत वेबसाइटवर ताजी माहिती स्वतः वाचा.

यातून तुम्ही काय समजलात? वरची यंत्रणा तयार आहे. शेवटच्या टोकाला, दवाखान्याच्या टेबलापाशी, माणूस लागतोय. तो माणूस तुम्ही होऊ शकता.

छोट्या उद्योजकासाठी चार कामं

काम १: दवाखान्याला जोडून देणं. डॉक्टरांची आणि दवाखान्याची नोंदणी करायला मदत करायची, आभाला जोडलेलं सॉफ्टवेअर निवडायला मदत करायची, कंपाउंडरला शिकवायचं, आणि दर महिन्याला जाऊन अडचणी सोडवायच्या. लक्षात ठेवा, नोंदणी फुकट असते. तुम्ही पैसे घेता ते तुमच्या वेळेचे आणि शिकवण्याचे. हे तोंडावर स्पष्ट सांगा.

काम २: जुन्या कागदांचं स्कॅनिंग. हॉस्पिटलांकडे जुन्या फायलींचे ढीग असतात. डॉक्टरांच्या व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं ठेवावी लागतात, आणि पेशंटने मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. ढिगातून ७२ तासांत फाइल शोधणं म्हणजे स्टाफला घाम. इथे तुमचं काम. स्कॅनिंग मात्र त्यांच्याच जागेत, त्यांच्याच कॉम्प्युटरवर करायचं. फाइल बाहेर न्यायची नाही.

काम ३: वयस्कर लोकांची फाइल सेवा. मुलं पुण्या-मुंबईत किंवा दुबई, अमेरिकेत, आई-वडील गावाकडे. घरी जाऊन त्यांची पिशवी उघडायची, कागद तारखेप्रमाणे लावायचे, त्यांच्याच मोबाईलवर ॲपमध्ये चढवून द्यायचे, आणि एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचं: कुठले आजार, कुठली औषधं चालू, कुठल्या औषधाचा त्रास होतो, कोणाला फोन करायचा. आजाराचा आणि औषधाचा मजकूर त्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा. हे एक पान पाकिटात राहतं. मोबाईल बंद पडला तरी चालतं. माझ्या आत्यासाठी मी स्वतः हे पान केलंय.

काम ४: चालू धंद्याला जोड. तुमचं मेडिकल दुकान आहे, कलेक्शन सेंटर आहे, सेवा केंद्र आहे? नवीन धंदा उघडू नका. आहे त्यालाच ही सोय जोडा. "आमच्याकडचा रिपोर्ट तुमच्या आभाला जोडून मिळेल" एवढी एक पाटी गिऱ्हाईक टिकवते.

एका विद्यार्थ्याने काय चुका केल्या

आपल्या बॅचमधल्या एका मुलाने काम १ सुरू केलं. नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे! पहिल्या पंधरा दिवसांत तो बावीस डॉक्टरांकडे गेला. लॅपटॉप उघडायचा आणि सुरू करायचा, "सर, डिजिटल इंडिया, आभा, इकोसिस्टीम..." बावीस जणांनी चहा पाजला आणि परत पाठवलं.

मला फोन करून म्हणाला, "सर, डॉक्टरांना इंटरेस्टच नाही." मी म्हटलं, "तू त्यांना काय विकतोयस? सरकारची योजना. त्यांची अडचण विचारलीस का?"

मग त्याने एका ओळखीच्या डॉक्टरांना विनंती केली की मला तीन दिवस फक्त काउंटरपाशी बसू द्या. तो बसला आणि मोजत राहिला. त्याला दिसलं की प्रत्येक जुन्या पेशंटचा केसपेपर शोधायला मावशींना तीन-चार मिनिटं लागतात. काही पेपर सापडतच नाहीत, मग नवीन केसपेपर, मग डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारतात. शुगर, बीपीचे पेशंट महिन्याने या सांगितलं तरी येत नाहीत, आणि कोण आलं नाही हे कोणाला कळतच नाही.

चौथ्या दिवशी त्याने डॉक्टरांना एवढंच सांगितलं, "सर, केसपेपर शोधण्यात रोज दीड तास जातोय. आणि गेल्या महिन्यातले किती शुगरवाले परत आले नाहीत, ते मी तुम्हाला दर सोमवारी कागदावर देऊ शकतो." डॉक्टर म्हणाले, "कधीपासून सुरू करतोस?"

आभा हा शब्द त्याने दुसऱ्या महिन्यात काढला.

हिशोब करून बघू

आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला.

समजा १२ दवाखाने, प्रत्येकी महिना ₹१,५००. जमा ₹१८,०००.
खर्च: अर्धवेळ मदतनीस ₹८,०००, पेट्रोल ₹२,०००, लॅपटॉपचा हप्ता ₹२,५००, फोन-इंटरनेट ₹५००. एकूण ₹१३,०००.
हातात उरले ₹५,०००.

एवढ्यासाठी एवढी धावपळ? परवडत नाही. मग काय करायचं, दवाखाने वाढवायचे? २० दवाखाने केले तर जमा ₹३०,०००, पण मदतनीस पूर्णवेळ लागेल, समजा ₹१२,०००, पेट्रोल ₹३,०००, बाकी ₹३,०००. खर्च ₹१८,०००. उरले ₹१२,०००. आणि तुम्ही दमलात.

आता दुसरा रस्ता. तेच १२ दवाखाने, पण फी ₹२,५००. जमा ₹३०,०००, खर्च तोच ₹१३,०००, उरले ₹१७,०००. डॉक्टर ₹२,५०० का देतील? तुमच्या सोमवारच्या यादीमुळे महिन्याला दहा पेशंट वेळेवर परत आले आणि तपासणी फी ₹३०० असेल, तर त्यांचे ₹३,००० तिथेच वसूल झाले. पेशंटचाही फायदा, कारण शुगरचा पेशंट वेळेवर आला तर पुढचं मोठं दुखणं टळू शकतं. तिघांचाही फायदा असेल तरच फी टिकते.

म्हणून नियम लिहून घ्या: फी ठरवताना आपले तास मोजू नका, समोरच्याची अडचण किती रुपयांची आहे ते मोजा.

एक सूचना. सरकारी प्रोत्साहनाची रक्कम या हिशोबात धरू नका. आली तर बोनस. योजनेवर उभा केलेला धंदा योजनेबरोबरच बसतो.

लक्ष्मणरेषा: या गोष्टी कधीही करू नका

- कोणाचाही ओटीपी "मला सांगा, मी टाकतो" म्हणून घेऊ नका. मोबाईल त्यांच्या हातात, बोट त्यांचं. वयस्कर माणूस असेल तर घरातलं कोणीतरी सोबत हवं.
- पेशंटचा रिपोर्ट स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको.
- यादी विकू नका. कोणीतरी येईल आणि म्हणेल, शुगरच्या पेशंटांचे नंबर दे, प्रत्येकी दहा रुपये देतो. दारातूनच परत पाठवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण दंड सोडा. गावात एकदा नाव गेलं की परत येत नाही.
- डॉक्टरांशी लेखी करार करा. माहिती कोणाची, कोण बघू शकतं, काम सोडलं तर पासवर्ड कसे परत द्यायचे. एक पान पुरे, पण लेखी हवं.
- नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणू द्या. आभा ऐच्छिक आहे. "नसेल तर उपचार मिळणार नाहीत" असं सांगून कार्ड काढायला लावणं ही फसवणूक आहे.
- वैद्यकीय सल्ला देऊ नका. रिपोर्ट चढवताना आकडा जास्त दिसला तरी तुम्ही बोलायचं एवढंच: "डॉक्टरांना दाखवा."

आणि जिथे नेट जातं, लाइट जाते, तिथे कागदाची सोय ठेवा. एम्सलाही कागदावर यावं लागलं होतं. दवाखान्याचा बॅकअप दर आठवड्याला घ्या आणि महिन्यातून एकदा तो खरंच उघडतोय का ते बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. स्वतःचा आभा नंबर आहे का ते तपासा. नसेल तर आणि हवा असेल तर काढा. ज्या वाटेने गिऱ्हाइकाला न्यायचं, त्या वाटेने आधी आपण चालून यायचं.

२. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाजवळ बसा. त्यांची पिशवी उघडा. कागद तारखेप्रमाणे लावा. एक पानाचा सारांश करा आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. काम ३ ची फी ठरवायला हाच आकडा लागेल.

३. तुमच्या भागातल्या एका डॉक्टरांची परवानगी घेऊन दोन तास काउंटरपाशी बसा. काही विकू नका. फक्त तीन गोष्टी मोजा: केसपेपर शोधायला किती वेळ, किती पेशंटकडे जुने कागद नव्हते, किती जणांना तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या. पेशंटची नावं लिहायची नाहीत, फक्त आकडे.

हे तीन आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातले पाच आकडे घेऊन आपण डॉक्टरांसमोर बोलायची दोन मिनिटांची मांडणी तयार करू.

जाता जाता, आत्याचं सांगायचं राहिलं. पिशवी सापडली. कंडक्टर दादांनी डेपोत जमा केली होती. आता तिचे कागद मोबाईलमध्ये आहेत, पाकिटात एक पान आहे, आणि तरीही पिशवी देवघरावरच आहे. मी म्हटलं, "आत्या, आता कशाला ठेवतेस?" म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा. तुजा मोबाईल पाण्यात पडला तर?"

तिचंही बरोबरच आहे. पिशवी राहू दे, बॅकअप म्हणून.

भेटूया पुढच्या आठवड्यात. कामाला लागा!